दोन व्याही, एक राज्य आणि माझा प्रोसेसर

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात दरवर्षी एक निवृत्त माणूस आपल्या नोकरीबद्दल लिहितो. गेल्या वर्षी एका परिचारिकेने लिहिलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी पोस्टातल्या एका काकांनी. यंदा ठरलेले लेखक मुलाकडे परदेशी गेले म्हणून संपादकांनी मला गाठलं. मी म्हटलं, "सर, मी अजून कॉलेजात आहे. निवृत्त व्हायला थोडा वेळ लागेल." ते म्हणाले, "लेख तेवढा आधी दे."

म्हणून लिहिते आहे. चुकलं तर संपादकांना सांगा.

बारावी झाल्यापासून डिचोलीच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी काम करते. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा दोडामार्गाकडून खाणीवर ट्रक चालवायला इकडे आले आणि इथेच राहिले. त्यामुळे मी दिवसभर काय करते हे घरी सांगणं जरा अवघड जातं. आईने वाड्यावर सांगून ठेवलं की पोरगी मशीनं दुरुस्त करते. लगेच शेजारच्या काकू मिक्सर घेऊन आल्या. मी तो दुरुस्त करून दिला, आणि तिथेच फसले. आता वाड्यावरचे सगळे पंखे माझ्याकडे येतात.

दुकानात मात्र माझं खातं वेगळं आहे. मोठ्या नकाशाचे राज्याचे गेम खेळणारं गिऱ्हाईक आलं की आमचे शेट आतूनच ओरडतात, "प्रज्ञा, तुझो राजा आयलो!" मग मला पुढे यावं लागतं. हे खातं माझ्याकडे कसं आलं, याला काही मोठं कारण नाही. असली गिऱ्हाइकं फार वेळ बोलतात आणि शेटना भूक लवकर लागते.

हे गेम कसे असतात ते आधी सांगते. सुरुवातीला तुमच्याकडे एक लहानसं गाव असतं. मग तुम्ही रस्ते करता, शेतं लावता, बंदर बांधता, सैन्य जमवता. तुमची चाल झाली की एक बटण दाबायचं. नकाशावर कॉम्प्युटरची जी इतर राज्यं असतात, ती एकामागून एक आपली चाल खेळतात. सगळ्यांची झाली की पुन्हा तुमची पाळी. नकाशा लहान असेल तर हे पटकन होतं. पण नकाशा मोठा असला, राज्यं पुष्कळ असली आणि खेळ जुना झाला की प्रत्येक राज्याची प्रत्येक बैलगाडी कुठे जाणार, प्रत्येक शिपाई कुठे उभा राहणार, याचा विचार मशीनला करावा लागतो. तो विचार प्रोसेसर करतो. ग्राफिक्स कार्डाचं काम चित्र काढायचं. प्रोसेसर विचारात असतो तोवर ते बिचारं हाताची घडी घालून उभं असतं.

आणि गिऱ्हाईक येऊन काय मागतं? ग्राफिक्स कार्ड. जेवढं मोठं, तेवढं बरं.

मांद्र्याला गेस्टहाउस चालवणारा एक तरुण असाच आला होता. त्याला नकाशा अडखळायला नको होता आणि मशीनमधून रंगीत दिवेही हवे होते. मी म्हटलं, "दिव्यांनी वेग वाढत नाही."

"पूण दिसता बरें," तो म्हणाला.

काच लावलेलं, आत निळे-जांभळे दिवे पेटणारं मशीन त्याने नेलं आणि गेस्टहाउसच्या दारातच मांडलं. एका संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळवीने ते दिवे पाहिले. तिलाही ते बरे दिसले असावेत. सगळी आत शिरली आणि पंख्याच्या पात्यांत अडकली. वारा बंद झाला की प्रोसेसर तापतो, आणि तापलेला प्रोसेसर जळायचं टाळण्यासाठी मुद्दाम सावकाश चालतो. "तुझें मशीन दमलां," म्हणून त्याचा फोन आला. मी ब्रश घेऊन गेले आणि आतली सगळी पलटण बाहेर काढली. "आता संध्याकाळी दिवे बंद ठेव," मी सांगितलं.

"मगीर पावण्यांक दाखवूं कितें?" तो म्हणाला.

तर असं आमचं गिऱ्हाईक. पण मला सांगायचंय ते सर्वणच्या वसंतबाबांबद्दल आणि त्यांच्या व्याह्यांबद्दल.

वसंतबाब खाणीवर ट्रकांच्या फेऱ्या लावायचे. कुठला ट्रक कधी भरायचा, कुठल्या वाटेने जेटीवर पाठवायचा, हे त्यांचं काम. आता ते घरीच असतात. मुलगा जहाजावर आहे. तो लग्नासाठी सुट्टीवर आला, तेव्हा जाताना आपलं जुनं मशीन वडिलांना देऊन गेला आणि त्यांना एक राज्याचा गेमही शिकवून गेला. ट्रकांच्या जागी बैलगाड्या आणि जेटीच्या जागी बंदर. वसंतबाब त्यात असे रमले की जेवायलाही हाक मारावी लागे.

एका दुपारी ते दुकानात आले आणि खुर्ची ओढून बसत म्हणाले, "बाय, आमचें मशीन दमता."

"नकाशा केवढा आहे?"

त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवला. शेटच्या चहाचा कप थोडक्यात वाचला.

"राज्य तुमचं एकट्याचं?"

"माझें आनी व्याह्यांचें," ते म्हणाले आणि आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "तोच तर घोळ."

घोळ असा होता. वसंतबाबांची सून सुलक्षा पेडण्याची. तिचे वडील जयरामकाका बसचे निवृत्त ड्रायव्हर. तिची आई नाही, भाऊ नाही, काका घरी एकटेच. पण लेकीच्या सासरी उगाच जाऊन बसायचं नाही, तिथे जेवायचं नाही, चहा घेतला की उठायचं, असा त्यांचा जुना नेम. लग्नानंतर ते एकदा मुलगी बरी आहे ना म्हणून पाहायला आले, चहा घेतला आणि उठले. उठता उठता त्यांची नजर पडदीवर ठेवलेल्या मशीनकडे गेली. घराच्या पुढच्या पडवीत बसायला आमच्याकडे बांधलेला कट्टा असतो, त्यावर वसंतबाबांनी आपली राजधानी थाटली होती.

"हें कितें?" जयरामकाकांनी विचारलं.

"राज्य."

"ही वाट खंय चल्ली?"

"बंदराक."

जयरामकाकांनी वाकून पाहिलं. "ह्या चडावान भरिल्ली गाडी चडची ना, व्याही. वाट वळवंक जाय."

वसंतबाबांनी वाट वळवली. बैलगाड्या खरोखरच लवकर पोचल्या. जयरामकाका परत बसले. पुढच्या रविवारी ते आपणहून आले. त्याच्या पुढच्याही. म्हणायचे, "बंदराचें काम खंय पावलें तें पळोवंक आयलों." लेकीच्या घरी यायला त्यांना कारण मिळालं होतं. दुपारच्या बसने यायचे, संध्याकाळच्या शेवटच्या बसने जायचे.

"मग घोळ कुठे आहे?" मी विचारलं.

वसंतबाबांचा चेहरा पडला. "गेल्या आयताराक व्याही म्हणाले, 'मशीन पिरायेचें दिसता.'"

मशीन वयस्कर दिसतं! व्याह्याने व्याह्याच्या घरी असं म्हणावं, आणि तेही हसत हसत? मला त्या वाक्याचं वजन लगेच कळलं. हा प्रश्न आता कॉम्प्युटरचा राहिला नव्हता.

मोठ्या नकाशाची तक्रार असली की मी मशीन चालताना पाहिल्याशिवाय काही सांगत नाही. म्हणून मी रविवारी सर्वणला गेले. दोघं व्याही शेजारी शेजारी बसले होते. वसंतबाबांच्या हातात माउस, जयरामकाकांच्या हातात चष्मा. मी बरेच खेळाडू पाहिले आहेत, पण इतक्या नम्रपणे चाललेलं युद्ध पाहिलं नव्हतं.

"घोडदळ धाडूं?" वसंतबाब विचारायचे.

"तुमी म्हणशात तशें."

"न्हय, तुमीच सांगात."

"राज्य तुमचें, व्याही."

"आमचें-तुमचें कितें? एकूच तें."

तोवर शत्रू येऊन शेतं जाळून जायचा.

शेवटी कशीबशी चाल ठरली की वसंतबाब बटण दाबायचे आणि मशीन विचारात पडायचं. पडद्यावर एक छोटं चाक गरगरत राहायचं. मी मोबाइलवर वेळ मोजत होते. तेवढ्यात सुलक्षावहिनी चहा घेऊन आल्या आणि वडिलांच्या बाजूला टेकल्या. वालीच्या शेंगांची पाटी मध्ये ठेवली. काकांनीही शेंगा मोडायला घेतल्या. दोघं काहीतरी बोलत होते. पेडण्याच्या घराचं कौल, कोणाची तरी गाय, असं काहीबाही कानावर आलं. माझं सगळं लक्ष त्या गरगरणाऱ्या चाकाकडे. मशीन फारच वेळ घेत होतं. मी मान हलवली, एखादा डॉक्टर हलवतो तशी.

मग वसंतबाबांना समजावलं. खाणीच्या माणसाला समजावणं सोपं गेलं.

"असं समजा," मी म्हटलं, "राज्यांचे सगळे ट्रक भरून उभे आहेत आणि पुढे वजनकाटा आहे."

"काटो एकूच?"

"जवळजवळ एकच. प्रोसेसरमध्ये काटे पुष्कळ असतात, पण हा गेम बहुतेक ट्रक एकाच काट्यावर पाठवतो. म्हणून काट्यांची संख्या बघून प्रोसेसर घ्यायचा नाही. एकटा काटा किती झटपट वजन करतो ते बघायचं."

"आनी रॅम?"

"ती तुमची ट्रक उभे करायची जागा. नकाशा मोठा, तर जागा पुरती हवी. पण गरजेपेक्षा मोठं मैदान घेतलं म्हणून काट्याचा वेग वाढत नाही."

"ग्राफिक्स कार्ड?"

"तो ट्रकांना रंग देणारा माणूस."

"रंग आसा तोच पुरो," वसंतबाब म्हणाले. शेट तिथे नव्हते ते बरं झालं.

मी कमी काट्यांचा पण तेज प्रोसेसर निवडला. त्याला बसेल असा बोर्ड घेतला, पुरेशी रॅम घेतली. खेळ पटकन उघडावा म्हणून जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घातली. कॅबिनेट जाळीचं घेतलं, काच नाही, दिवे नाहीत. सर्वणात वीज लपंडाव खेळते, म्हणून यूपीएस. दुकानातलं हे पहिलं मशीन असं होतं की त्याचा प्रत्येक भाग मी एकटीने निवडला, शेटना न विचारता. ते जोडताना प्रत्येक स्क्रू मी दोनदा तपासला. हे मी पहिल्यांदाच कबूल करते आहे.

रविवारी मी मुद्दाम गेले. वसंतबाबांनी बटण दाबलं. चाक अर्धं फिरलं आणि पाळी परत आली.

वसंतबाबांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"आतां गाडी हायवेर आयली!" जयरामकाका ओरडले. वसंतबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांची बंदरं बांधून दिली. घरी परतताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघून एकटीच हसत होते.

बरोबर महिन्याभराने सुलक्षावहिनी दुकानात आल्या. शेट जेवायला गेले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "तूंच मगो तें मशीन केलें?"

"हो!" मी उत्साहाने म्हटलं. "कसं चालतंय?"

"बरें चलता. त्याखातीरच आयलां." त्या थांबल्या. "तें पयलीं सारकें करूंक येता?"

"पहिल्यासारखं म्हणजे?"

"सवकास."

मला आधी वाटलं, माझी थट्टा चालली आहे. पण त्यांचे डोळे थट्टेचे नव्हते. मग त्यांनी सांगितलं. आधी मशीन विचार करत बसायचं, तेव्हा बाबा त्यांच्याशी बोलायचे. शेंगा मोडायच्या, नारळ सोलायचा, आणि बोलायचं. बाबांना फोनवर बोलता येत नाही. "बरी मगो?" विचारतात आणि ठेवतात. समोर बसून, हाताला काम असलं की बोलतात. आता मशीन थांबतच नाही. एक चाल संपली की दुसरी. बाबा दुपारी येतात ते पडद्याला चिकटतात, आणि शेवटच्या बसची वेळ झाली की उठून पळतात.

"हांव फकत तांची फाट पळयतां," त्या म्हणाल्या.

फक्त त्यांची पाठ दिसते. मी काउंटरवरचा एक स्क्रू उचलून परत ठेवला.

"तुम्ही काकांना सांगत का नाही?"

"कितें सांगूं? गेमाक येतात, माका पळोवंक येनात, अशें? तशें म्हणलें तर ते येवपाचेच बंद करतले. गेम आसा म्हणून येतात ते." मग त्या चटकन हसल्या. "आनी मामंजींक सांगूं नाका हां. ते रोज मशीनाक फुलां घालूंकच उरल्यात."

आता सांगा, मी काय करायचं? माझा सगळा धंदाच अडखळणारं मशीन सरळ चालवायचा. ते पुन्हा अडखळवायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. प्रोसेसरचा वेग सेटिंगमधून कमी करता आला असता. पण वसंतबाबांनी विश्वासाने घेतलेलं मशीन मी चोरून पांगळं करायचं? ते मनाला पटेना. दोन दिवस वर्गातही माझं लक्ष नव्हतं. सर फळ्यावर काय लिहीत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सुचलं, आणि ते इतकं सोपं होतं की मला स्वतःचा राग आला. मशीन कितीही तेज घ्या, त्याला दमवेल एवढा नकाशा त्या गेममध्ये आहेच. मशीनला हात लावायची गरजच नव्हती.

'सर्व्हिसिंग' म्हणून मी सर्वणला गेले. धूळ झटकली, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "वसंतबाब, तुम्ही अजून ह्याच नकाशावर?"

"कित्याक? हो व्हडलो न्हय?"

"मोठा आहे. पण सगळ्यात मोठा नव्हे."

त्यांनी चष्मा काढला. जयरामकाकांनी घातला.

"सगळ्यात मोठं जग घेतलं आणि जेवढी राज्यं घेता येतात तेवढी घेतली, तर खरा कस लागतो," मी म्हटलं. "पण ते जड जातं. सगळ्यांना झेपत नाही."

एवढं पुरेसं होतं. दोन व्याह्यांपैकी 'आपल्याला झेपणार नाही' असं दुसऱ्यासमोर कोण म्हणणार? त्याच संध्याकाळी नवीन जग सुरू झालं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सुलक्षावहिनींनी पदर तोंडावर धरला होता.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. कुजबुजत म्हणाल्या, "प्रज्ञा, तें सवकास जावंक ना! आदल्यापरसय फास्ट!"

ते मी विसरलेच होते. नव्या जगात प्रत्येक राज्याचं एकेकच गाव असतं. ट्रकच नाहीत, तर काट्यावर गर्दी कुठून होणार? "वहिनी, राज्यं वाढायला हवीत," मी म्हटलं. "थोडा धीर धरा. त्यांना मुलंबाळं होऊ देत."

"कॉम्प्युटराच्या राज्यांक?"

"हो."

"देवा!" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पावसाळाभर आम्ही दोघी त्या परक्या राज्यांची भरभराट व्हावी म्हणून वाट बघत होतो. त्या मधून मधून बातमी द्यायच्या. "उत्तरेवटेनच्या राजान नवीं शारां बांदलीं." मी म्हणायचे, "छान, छान." शेटना वाटायचं मी परीक्षेचा अभ्यास करते. श्रावण सरता सरता जग भरलं. एका रविवारी फोनवर वहिनींचा आवाजच वेगळा होता. "आयज च्याक बाबा म्हजे कडेन बसले. चाक फिरत आशिल्लें!"

वसंतबाबांचाही फोन आला. "बाय, मशीन परत दमूंक लागलां."

"जगातलं सगळ्यात मोठं राज्य चालवताय, वसंतबाब. कोणतंही मशीन दमणारच."

"तशें आसा?" त्यांच्या आवाजात तक्रार कमी आणि अभिमान जास्त होता. "सगळ्यांत व्हडलें मगे?"

इथे लेख संपवता आला असता. पण मग चवथ आली.

आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेरून सासरी वजें जातं. फळं, नारळ, नेवऱ्या, लाडू, गणपतीपुढे ठेवायला लागतं ते सगळं, आणि शिवाय व्याह्यांच्या मानाचं काहीतरी. वज्यात कोणाकडून काय आलं याची गावात चर्चा होते. हे मला माहीत होतं. पण त्याचा माझ्या काउंटरशी संबंध येईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

चवथीच्या आधी जयरामकाका दुकानात आले. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. शेट समोरच होते.

"बाय," काका म्हणाले, "व्याह्यांचें मशीन परत अडखळता. ते बोलनात, पूण माका कळटा. अवंदूं वज्यांत तुमच्याकडचो सगळ्यांत फास्ट प्रोसेसर घालतां."

शेटनी हातातला वडा खाली ठेवला.

ह्या माणसाने आपल्या लेकीचे रविवार स्वतःच्या हाताने, नारळ आणि नेवऱ्यांच्या शेजारी सजवून, तिच्याकडून काढून घ्यायचं ठरवलं होतं.

"काका, तो त्या बोर्डावर बसणार नाही," मी घाईने म्हटलं.

"मग बोर्ड पण दे," काका म्हणाले.

"नव्या बोर्डाला जुनी रॅम चालत नाही."

"रॅम पण दे."

"तो फार तापतो. थंड करायला मोठा पंखा लागेल."

"आसा, आसा!" शेट उठलेच. "पंखो आसा, पाण्याचो कूलर आसा, दिव्यांचोय आसा!"

"दिव्यांचो घाल. वज्यांत बरो दिसतलो," काका म्हणाले.

मी जितकी कारणं काढत होते तितकी विक्री वाढत होती. शेट माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहत होते की मला त्यांचीही दया आली. इतकी हुशार विक्रेती त्यांनी आजवर पाहिली नसावी. शेवटी माझी कारणं संपली. सुलक्षावहिनींना दिलेला शब्द मोडायचा नव्हता. मग मला एकच प्रश्न सुचला.

"काका, मशीन विचार करत असतं तेव्हा तुम्ही काय करता?"

"कितें करूं? बसतां."

"एकटेच?"

"न्हय. सुलक्षा बसता. कितेंय काम करीत आसता, हांवय हात लायतां. उलयता ती." ते जरा थांबले. "बरेंच उलयता."

"आणि मधले काही महिने मशीन तेज होतं, तेव्हा?"

काकांनी काउंटरवरचा प्रोसेसरचा खोका उचलला, उलटा करून पाहिला, आणि परत ठेवला. मी शेटकडे बघितलंच नाही.

"सगळ्यांत सवकास कितें आसा तुमच्याकडे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"त्यांच्याकडे आहे तेच ठीक आहे," मी म्हटलं.

"म्हणजे कायच नाका?" शेटचा आवाज चिरकला.

काकांना संकोच वाटला असावा. इतका वेळ बसलो म्हणून त्यांनी माउसखाली घालायची एक चटई घेतली. वसंतबाबांसाठी. त्या वर्षीच्या वज्यात फळं, नारळ, नेवऱ्या आणि एक माउसची चटई होती, आणि सर्वणात त्याची चर्चा व्हायची ती झालीच. शेट माझ्याशी चवथ संपेपर्यंत नीट बोलले नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुकान त्यांचं आहे, आणि विक्री परतवणारी पोरगी कामावर कोणाला हवी असते?

चवथीनंतरच्या रविवारी दुपारी वसंतबाबांचा फोन आला. आवाज घाबरा.

"प्रज्ञा, तूं बेगीन येवन वच."

"काय झालं? मशीन बंद पडलं?"

"मशीन चालू आसा. व्याही चालू जायनात!"

"म्हणजे?"

"सकाळच्या बशीन आयले. सकाळच्या! माका म्हणाले, 'तुमी खेळात, हांव आयलोंच.' आनी परसांत गेले. सुनेक कपडे वाळत घालूंक दोरी बांदून दितां म्हणाले. सकाळसावन एकूच दोरी बांदतात."

"मग बांधून झाली असेल आता."

"तीन फावटीं सोडून परत बांदली! सून म्हणटा हांगा बांद, हे म्हणटात थंय बरी. आनी उलोवप तें कितें उलोवप! जेवणाक पानां मांडलीं तर व्याही पानार बसले पण!"

"जेवले?" मला विश्वास बसेना.

"जेवले. दोनदां शीत घेतलें. आतां परत परसांत." ते श्वास घेण्यापुरते थांबले. "घोडदळ दोंगराच्या मुळांत उबें आसा, दुस्मान समोर, आनी आमचो राजा परसांत दोरी बांदता. तूं येवन पळय गो, मशीनाक कितें तरी जालां."

"मशीनला काही झालेलं नाही, वसंतबाब."

फोनमध्ये मागून कोणाचं तरी मोठ्याने हसणं ऐकू आलं, आणि मग सुलक्षावहिनींचा आवाज, "बाबा, गजाली मारूं नाकात, ती गांठ परत सुटली!"

"तें माका खबर आसा," वसंतबाब हळूच म्हणाले. फोनच्या जवळ तोंड आणून, कोणाला ऐकू जाणार नाही असं. "कितलेशेच म्हयने पोरगी हांसूंक नासली ह्या घरांत. आतां आयकता मगो?"

"ऐकतेय."

"बरें," ते म्हणाले, आणि मग पुन्हा नेहमीच्या आवाजात, "पूण घोडदळ उबें आसा गो! तूं येता काय ना?"